३जी गेलं, २जी अजून आहे, मग माझ्या फोनचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं तालुक्याच्या गावी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. गेली काही वर्षं दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी येतं, फोन काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, कालपरवापर्यंत बरा चालत होता हो, आता रेंज दिसते पण नेट चालत नाही. फोन उघडून बघावा तर आत काहीच बिघडलेलं नसतं. त्या फोनला लागणारं नेटवर्कच कंपनीनं बंद केलेलं असतं आणि माणसाला ते कोणी नीट सांगितलेलं नसतं, इंग्रजीत एखादा मेसेज आलेला असतो तो जाहिरात समजून डिलीट झालेला असतो. मग लोक बॅटरी बदलतात, सॉफ्टवेअर मारून घेतात, पैसे जातात आणि फोन तसाच. हे होऊ नये म्हणून दुकानात येणारे सगळे प्रश्न एकदाचे लिहून काढलेत.

नक्की बंद काय झालंय? २जी की ३जी?

३जी. यात फार गोंधळ आहे म्हणून आधी हेच. एअरटेलनं २०१९ च्या मध्यात कोलकात्यापासून सुरुवात केली आणि मार्च २०२० पर्यंत देशभरातलं ३जी बंद केलं. व्होडाफोन आयडिया म्हणजे व्हीआयनं एकेक सर्कल, म्हणजे साधारण एकेक राज्य, करत काढलं. जिओकडे तर ३जी आणि २जी कधी नव्हतंच, ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाले ते थेट ४जी घेऊन. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचं २जी मात्र अजून चालू आहे, त्यामुळे बटणाच्या फोनवर बोलणं आणि साधे मेसेज चालतात.

पण चालू असलेलं नेटवर्क बंद करायचंच कशाला?

हवेतून सिग्नल जायला जागा लागते, तिला स्पेक्ट्रम म्हणतात, आणि ती जागा मोजकी असते, कंपन्या लिलावात हजारो कोटी देऊन विकत घेतात. आता असं समजा की तुमचं दोन एकर रान आहे आणि त्यातल्या एका एकरात जुनं वाण लावलंय जे पिकतं पण कमी पिकतं, त्याच एकरात नवीन वाण लावलं तर कितीतरी पट माल निघतो, मग जुनं कोण ठेवेल. ३जी ज्या जागेत चालायचं त्याच जागेत ४जी टाकलं की तेवढ्यातच जास्त लोकांना जास्त वेगानं नेट देता येतं. शिवाय टॉवरवर जुनी मशीन वेगळी ठेवायची, तिची वीज वेगळी, तिचा माणूस वेगळा, सुटे भाग मिळत नाहीत, हा खर्च वाचतो. यात कंपनीचा फायदा आहे आणि खरं सांगायचं तर ४जी वापरणाऱ्याचाही आहे. अडचण त्याची होते ज्याच्याकडे नवीन फोन घ्यायला पैसे नाहीत.

२जी तर ३जी पेक्षा जुनं, मग ते आधी का नाही गेलं?

हा प्रश्न बरोबर आहे. ३जी प्रामुख्यानं नेटसाठी होतं, आणि ते वापरणारे बरेचसे लोक २०१६ नंतर नेट स्वस्त झाल्यावर स्वतःहूनच ४जी फोनवर गेले. २जी वर मात्र बटणाचे फोन आहेत, म्हाताऱ्या माणसांचे फोन आहेत, शेतातल्या मोटारींचे स्टार्टर आहेत. शिवाय ४जी चा सिग्नल नसेल तिथं फोन कॉलसाठी २जी वर उतरतो, म्हणजे कंपनीलाही ते खाली आधाराला हवंय. म्हणून मधलं गेलं आणि सगळ्यात जुनं राहिलं. युरोपातही बऱ्याच देशांत हेच झालंय. ब्रिटनमध्ये ३जी बंद करत आणलं पण २जी साठी २०३३ पर्यंतची मुदत ठेवलीय.

माझ्या फोनला फटका बसलाय का हे मी घरीच कसं ओळखू?

फोनच्या वरच्या कोपऱ्यात रेंजच्या दांड्यांजवळ काय लिहून येतं ते बघा. ४जी किंवा एलटीई येत असेल तर काळजी नाही. ई येत असेल तर तुम्ही २जी वर आहात, त्यावर बोलणं होईल पण व्हॉट्सअपचा एक फोटो उतरायला चहा गार होईल. पूर्वी एच किंवा एच प्लस यायचं आणि आता सतत ई येतंय, तर समजा तुमचा फोन ३जी चा होता आणि तुमच्या भागातलं ३जी गेलं.

पण थांबा, लगेच फोन बदलू नका. कारण असं तीन वेगवेगळ्या गोष्टींमुळे होतं. एक, फोनच ३जी चा असतो, २०१४-१५ च्या आसपास घेतलेले बरेच स्वस्त टचफोन असेच आहेत, त्याला इलाज नाही. दोन, फोन ४जी आहे पण आतलं सिम दहा-बारा वर्षांपूर्वीचं आहे. तीन, फोनही ४जी आणि सिमही ४जी पण सेटिंगमध्ये कोणीतरी नेटवर्क ३जी वर अडकवून ठेवलंय, बॅटरी वाचते म्हणून पूर्वी लोक असं करायचे. सेटिंगमध्ये जाऊन सिम, मग प्रिफर्ड नेटवर्क टाइप, तिथं ४जी किंवा ५जी ऑटो करा. ही तिसरी गोष्ट दोन मिनिटांत फुकटात होते. माझ्याकडे एक बाई नवीन फोनसाठी पैसे घेऊन आल्या होत्या, त्यांच्या फोनचं फक्त सेटिंग बदललं आणि तो आजही चालतोय. म्हणून आधी सेटिंग, मग सिम, आणि सगळ्यात शेवटी फोन, हा क्रम सोडू नका.

फोन ४जी आहे, नेटही पळतं, पण कॉल आला की नेट बंद पडतं. असं का?

व्होल्टी बंद आहे. ४जी मुळात नेटसाठी बनलं, त्यावरून बोलायची सोय व्होल्टीनं होते, आपल्याकडे जिओनं ती २०१६ मध्ये सुरुवातीपासूनच दिली, एअरटेलनं सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईपासून सुरू केली. तुमच्या फोनमध्ये ती चालू नसेल तर कॉल आल्यावर फोन ४जी सोडून खाली उतरतो, पूर्वी ३जी वर उतरायचा तेव्हा बोलता बोलता नेट थोडंफार चालायचं, आता ३जी नाही म्हणून थेट २जी वर जातो आणि नेट थांबतं. कॉल संपल्यावरही परत ४जी वर चढायला वेळ लागतो. सेटिंगमध्ये व्होल्टी किंवा एचडी कॉल असं काहीतरी असतं ते चालू करा. काही जुन्या ४जी फोनमध्ये हे बटणच नसतं, उदाहरणार्थ आयफोन ५ एस ४जी आहे पण त्यात व्होल्टी नाही, ६ पासून पुढं आहे. अशा फोनवर २जी असेपर्यंत बोलता येईल, ज्या दिवशी २जी जाईल त्या दिवशी तो नुसता नेटपुरता उरेल.

सिम बदलायचं म्हणजे नंबर बदलेल का? पैसे किती?

नंबर तोच राहतो, बॅलन्स आणि रिचार्जही राहतं. कंपनीच्या गॅलरीत किंवा अधिकृत दुकानात आधार घेऊन जायचं, ४जी सिम बरेचदा फुकट देतात, पण आधी विचारून घ्या.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, सरकारनं २०२२ मध्ये फसवणूक थांबवायला हा नियम केलाय, म्हणजे ओटीपी येणार नाही. ज्या दिवशी बँकेचं काम आहे, फॉर्मची शेवटची तारीख आहे, त्या दिवशी सिमला हात लावू नका. माझ्या समोर एका मुलाचं प्रवेशाचं काम असंच अडकलं होतं आणि बापाचा चेहरा बघवत नव्हता.

दुसरी अडचण गावाकडे फार मोठी आहे आणि कोणी बोलत नाही. सिम ज्याच्या नावावर आहे तोच माणूस समोर लागतो. कितीतरी आज्यांचे फोन वारलेल्या नवऱ्याच्या नावावर आहेत, काहींचे गावातल्या कुठल्या तरी पोराच्या नावावर आहेत ज्यानं पंधरा वर्षांपूर्वी सिम काढून दिलं होतं आणि तो आता पुण्यात की सुरतेत कोणाला माहीत नाही. नवऱ्याच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा कागद देऊन नंबर नावावर करून घेता येतो, वेळ लागतो पण होतं. तिसऱ्याच माणसाच्या नावावर असेल तर त्याला गाठण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून घाई लागायच्या आत, आत्ताच, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा नंबर कोणाच्या नावावर आहे ते बघून ठेवा.

"तुमचं सिम आज रात्री बंद होणार, ४जी करून देतो" असा फोन आला तर?

ठेवून द्या. पद्धत अशी आहे की आधी गोड बोलून तुम्हाला एक वीस आकडी नंबर पाठवतात आणि म्हणतात हा कंपनीच्या नंबरवर मेसेज करा, मग एक दाबा. तो वीस आकडी नंबर म्हणजे त्यांच्या हातातल्या कोऱ्या सिमचा नंबर असतो. तुम्ही मेसेज केला की तुमचा नंबर त्यांच्या सिमवर चालू होतो, तुमच्या फोनची रेंज जाते आणि बँकेचे ओटीपी त्यांच्याकडे जायला लागतात. लोकांना फसायला होतं कारण खरं सिम बदलतानाही असाच मेसेज काही वेळा करावा लागतो. फरक एवढाच की खऱ्या वेळी ते सिमकार्ड तुमच्या स्वतःच्या हातात असतं आणि तो नंबर त्याच्या पाठीवर छापलेला तुम्हाला दिसतो. कार्ड हातात नाही तर नंबर पाठवायचा नाही.

चुकून पाठवलाच आणि रेंज गेली तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून खातं थांबवा, मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मग कंपनीला. झोपून उठून बघू असं करू नका.

आईकडे बटणाचा फोन आहे, तिला टचफोन जमत नाही. आत्ता बदलू का?

फोन धड असेल आणि एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम असेल तर आज बदलायची गरज नाही. तिला त्या बटणांची सवय आहे, दोन नंबर दाबून धरलं की मुलीला फोन लागतो हे तिच्या बोटांना पाठ आहे, ते उगाच मोडू नका.

पण जुना फोन बिघडलाच आणि नवीन घ्यायचाय तर मात्र २जी चा घेऊ नका, बटणाचाच पण ४जी आणि व्होल्टी असलेला घ्या. इथं फसायला होतं कारण एकाच कंपनीचे २जी आणि ४जी बटण फोन दिसायला जवळजवळ सारखे असतात, नावात शेवटी ४जी एवढाच फरक असतो, म्हणून खोक्यावर ४जी छापलंय का ते स्वतः वाचा. आणि जिओफोन किंवा जिओ भारत घेतला तर त्यात फक्त जिओचंच सिम चालतं. जिओ वापरणाऱ्याला तो स्वस्तात पडतो, जिओ भारत जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला होता, पण आईचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल आणि ते तसंच ठेवायचं असेल तर तो तुमच्या कामाचा नाही. हे न सांगता विकणारे दुकानदार आहेत, मला ते बघून वाईट वाटतं.

जुना वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर काढा, मेसेजमध्ये केवायएम इंग्रजीत लिहून पुढं तो आयएमईआय टाका आणि १४४२२ ला पाठवा. चोरीचा किंवा ब्लॉक झालेला असेल तर कळतं.

तिला नेट नको, नुसतं बोलायचंय. तरी महागाचं नेटचं रिचार्ज मारावं लागतं का?

आता नाही. ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेनं, २३ डिसेंबर २०२४ ला नियम काढला की कंपन्यांनी नुसतं कॉल आणि एसएमएसचं रिचार्जसुद्धा द्यायचं, आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. तेव्हा ट्रायनं सांगितलं होतं की सुमारे १५ कोटी लोक साधे फोन वापरतात. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे प्लॅन आणले. दुकानात गेल्यावर पहिल्यांदा नेटवालाच प्लॅन सांगतील, तुम्ही "फक्त व्हॉइसचा द्या" असं स्पष्ट म्हणा.

आमच्याकडे फक्त बीएसएनएलची रेंज येते. आमचं काय?

कोकणात घाटाखाली, गडचिरोलीत, सातपुड्यात अशी कितीतरी गावं आहेत. बीएसएनएलचं ४जी सगळ्यात उशिरा आलं, देशात बनवलेल्या यंत्रणेवर उभं केलं आणि २७ सप्टेंबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं, सुमारे ९७,५०० टॉवर. जसजसं ४जी येतंय तसतसं त्यांचंही ३जी काढणं चालू आहे. मुंबईत एमटीएनएलचे जे ग्राहक होते त्यांचं कामकाजही १ जानेवारी २०२५ पासून बीएसएनएलच बघतंय, तेव्हा जुनं डॉल्फिन सिम वापरणाऱ्यांनी एकदा ऑफिसात जाऊन विचारून यावं.

एक गोष्ट मात्र बीएसएनएलवाल्यांनी नक्की बघा. त्यांचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. ७०० चा सिग्नल लांब जातो, भिंतीतून आत येतो, डोंगराळ भागाला चांगला. पण त्यासाठी फोनला ७०० चा पट्टा पकडता यावा लागतो, त्याला बँड २८ म्हणतात, आणि काही जुन्या ४जी फोनमध्ये तो नसतो. मग शेजाऱ्याच्या फोनला ४जी आणि तुमच्या फोनला ई, दोघांचं सिम एकच, टॉवर एकच. फोनच्या मॉडेलचं नाव टाकून नेटवर बघितलं की बँडची यादी मिळते.

शेतातल्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरचं काय होणार?

हा प्रश्न माझ्याकडे ऊस आणि कांदावाले सगळ्यात जास्त विचारतात आणि मला स्वतःला याचीच काळजी जास्त आहे. लाईटची पाळी रात्रीची असते, विहीर दोन किलोमीटरवर, वाटेत ओढा, बिबट्याचा भाग असेल तर विचारायलाच नको. त्या डब्यात एक सिम टाकलं की घरातून फोन लावून मोटार चालू-बंद होते, लाईट आली-गेली कळतं, त्यामुळे रात्री-अपरात्री माणसाला रानात जावं लागत नाही.

बसवलेले बरेचसे स्टार्टर २जी वर चालतात. म्हणजे ३जी गेल्यानं त्यांना काही झालं नाही, पण त्यात जिओचं सिम चालत नाही आणि पुढं कधी २जी काढलं तर ते सगळे एकदम बंद पडतील. चालू आहे तो चालवा. नवीन बसवताना मात्र ४जी चा मागा, थोडे पैसे जास्त लागतील पण घ्या. बसवायच्या आधी विहिरीजवळ उभं राहून कुठल्या कंपनीचं ४जी येतं ते आपल्या फोनवर बघा, घरी येतं म्हणून रानात येईल असं नाही. आणि त्या सिमचं रिचार्ज कधी संपतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. "स्टार्टर बिघडला" म्हणून माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच वेळा रिचार्जच संपलेलं असतं, आणि तोवर पिकाची एक पाळी चुकलेली असते.

दुकानातलं कार्ड स्वाइप मशीन, गाडीचा ट्रॅकर, जुनं डोंगल?

मशीन ज्या बँकेकडून घेतलंय तिथं विचारा, २जी चं असेल तर बदलून मागा, भाडं देताय तर तो तुमचा हक्क आहे. ट्रॅकरचंही तसंच, विकणाऱ्याकडून ४जी आहे का ते लिहून घ्या. ३जी डोंगल कपाटात ठेवलं असेल तर त्याचा आता उपयोग नाही.

त्यापेक्षा कंपनीच बदलू का?

बदलता येते, पोर्ट लिहून स्पेस देऊन आपला नंबर १९०० ला पाठवायचा, कोड येतो, तो चार दिवस चालतो. पण आधी ज्या कंपनीत जाणार तिचं सिम असलेला कोणाचा तरी फोन घेऊन घरात, गोठ्यात, रानात फिरून बघा. दुसरं म्हणजे सिम हरवलं किंवा खराब झालं म्हणून नुकतंच बदललं असेल तर सात दिवस पोर्ट करता येत नाही, १ जुलै २०२४ पासूनचा नियम आहे. आणि २जी चाच फोन ठेवायचा असेल तर जिओत जाऊन चालणार नाही, हे परत सांगतो कारण दर महिन्याला कोणीतरी हे करून येतं.

मुलाकडे ऑस्ट्रेलियाला चाललोय, इथला फोन तिथं चालेल ना?

फोन ४जी आहे म्हणून चालेलच असं धरू नका. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टसनं २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला घेतलं, २जी तर तिथं आधीच गेलेलं. मग असं निघालं की काही फोन साधा कॉल ४जी वरून करतात पण तिथला आपत्कालीन नंबर ००० लावताना ३जी शोधतात. म्हणजे रोजचं सगळं चालेल आणि नेमकं ॲम्ब्युलन्स बोलवायच्या वेळी फोन लागणार नाही. म्हणून तिथल्या कंपन्यांना असे फोन नेटवर्कवरून बंदच करावे लागतात, त्यात बाहेरून नेलेले फोनही येतात. अमेरिकेत एटी अँड टीनं २२ फेब्रुवारी २०२२ ला ३जी बंद केलं आणि त्यांच्या यादीत असलेलीच मॉडेल ते घेतात, व्हेरायझननं २०२२ च्या अखेरीस बंद केलं. तिकिटं काढल्यावर मुलाला मॉडेलचा नंबर आणि आयएमईआय पाठवा, तो तिथल्या कंपनीच्या साइटवर बघून सांगेल. तब्येतीची तक्रार असलेल्या आईवडिलांसाठी तर हे न विसरता करा.

२जी कधी बंद होणार?

सरकारनं कुठलीही तारीख जाहीर केलेली नाही. जिओचं म्हणणं आहे की २जी आणि ३जी पूर्ण बंद करायचं धोरण सरकारनं आणावं, मुकेश अंबानींनी ३१ जुलै २०२० ला, देशात मोबाईल येऊन २५ वर्षं झाली त्या कार्यक्रमात, ३० कोटी लोक २जी मध्ये अडकलेत असं म्हटलं होतं. ज्यांचे ग्राहक २जी वर आहेत त्या कंपन्यांना घाई नाही. २जी च्या बाजूनं बोलणाऱ्यांनी एक मान्य करायला हवं की ते सुरक्षिततेला कच्चं आहे, फोन आपली ओळख टॉवरला पटवतो पण टॉवर खरा आहे का हे फोनला तपासता येत नाही, म्हणून खोटा टॉवर लावून फसवे मेसेज सोडता येतात. तरी मला वाटतं की परवडणारा ४जी बटणफोन हातात देऊन, सहा महिने आधी मराठीत सांगून, गावात कॅम्प लावून मगच ते काढावं. सीडीएमए नावाचं जुनं वेगळ्या पद्धतीचं नेटवर्क गेलं तेव्हा हे झालं नव्हतं. रिलायन्सचे २००३ नंतरचे ते फोन आठवत असतील, सुरुवातीच्या कित्येकांत सिमच नसायचं, नेटवर्क गेल्यावर त्या हँडसेटचा काडीचा उपयोग उरला नाही.

तक्रार कुठं करू?

आधी कंपनीला १९८ वर, आणि तक्रारीचा नंबर मागून कागदावर लिहून घ्या, तो नसेल तर पुढं कोणी विचारत नाही. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथं लिहून महिना घालवू नका.

सिम बदललं आणि सगळे नंबर गेले. परत मिळतील का?

जुनं सिम जपून ठेवलं असेल तर हो. म्हाताऱ्या माणसांच्या बटणफोनमध्ये नंबर बहुतेक वेळा सिममध्येच सेव्ह असतात, आणि नवीन सिम कोरं येतं. जुन्या सिमवर आता रेंज येणार नाही पण आतले नंबर तसेच असतात, ते परत फोनमध्ये टाका, कॉन्टॅक्टमध्ये "सिममधून फोनमध्ये कॉपी" असं असतं ते करा. गॅलरीत बऱ्याचदा जुनं सिम कापून टोपलीत टाकतात, म्हणून आत जाण्याच्या आधीच कॉपी करून घ्या किंवा ते सिम मागून घ्या. माझ्या आत्याचं सिम असंच कापलं गेलं. त्यात तिच्या माहेरच्या दोन मैत्रिणींचे नंबर होते जे दुसऱ्या कोणाकडेच नव्हते, एकीचा चार महिन्यांनी लग्नात कोणाकडून तरी मिळाला, दुसरीचा अजून मिळालेला नाही. तेव्हापासून सिम बदलायला कोणी आलं की मी आधी वही पुढं करतो आणि नंबर लिहून घ्यायला बसवतो, अर्धा तास गेला तरी चालेल.